पंचेचाळीसचे सदतीस

मंगळवार, ९ सप्टेंबर

आणखी एक जोडी परत आली. पुलापलीकडच्या दुकानातून. त्यांनी मागवला होता पंचेचाळीसचा कोन, आपण पाठवला सदतीसचा!

इथे नोकरीला लागेपर्यंत चष्म्याच्या काचेला कोन असतो हे मलाही माहीत नव्हतं. काही डोळ्यांचा नंबर एकाच दिशेत असतो. ती दिशा सांभाळून काच फ्रेममध्ये बसवावी लागते — एक ते एकशे ऐंशी अंशांत कुठेतरी. नंबर बरोबर आणि कोन चुकीचा, तर माणसाला जग वाकडं दिसतं. आजची जोडी एका सुताराची. त्याला स्वतःच्या घरचं दार तिरकं दिसायला लागलं. त्याने ते उतरवलं आणि 'सरळ' बसवलं. आता ते खरोखर तिरकं आहे.

दुकानातल्या बाई हे फोनवर सांगताना हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "पण हे वारंवार व्हायला लागलंय हं."

कोन लावायचं काम काकांचं. कारखान्यात सगळेच त्यांना काका म्हणतात. खरी पुतणी मी एकटीच.

बुधवार, १० सप्टेंबर

प्रोग्रॅम तपासला. बरोबर आहे.

दुकानांच्या ऑर्डरी संगणकावर येतात, माझी स्क्रिप्ट (हा छोटा प्रोग्रॅम मीच लिहिलाय) त्या वाचते आणि काकांच्या टेबलाशेजारच्या प्रिंटरवर चिठ्ठी छापते. गेल्या महिन्यापर्यंत या चिठ्ठ्या हाताने लिहायचे. परत आलेल्या जोडीची ऑर्डर उघडून बघितली — पंचेचाळीसच. मग मी स्वतः ४५ टाइप केलं, चिठ्ठी काढली. ४५. नव्वद टाकलं, नव्वद आलं. एकशे ऐंशी, तेही. आकडे उजव्या कडेला एका रेषेत, सुबक.

त्या दिवशी काकांच्या हातात पडलेली चिठ्ठी मात्र मिळणार नाही. काम झालं की चिठ्ठी फाडायची, ही इथली जुनी शिस्त. टेबलावर दोन चिठ्ठ्या असल्या की काचांची अदलाबदल होते, म्हणून. चांगली शिस्त आहे. फक्त आज आडवी आली.

गुरुवार, ११ सप्टेंबर

साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. मलाही — "तूही बैस, तुझ्याच घरचं माणूस आहे."

साहेबांचं प्रत्येक बोलणं 'माझं म्हणणं एवढंच'ने सुरू होतं आणि एवढ्यावर कधीच थांबत नाही.

"माझं म्हणणं एवढंच, काका, की वय कुणाला चुकलंय? पण साठचे अठ्ठेचाळीस? नव्वदचे एकशे ऐंशी? एखादा अंश इकडेतिकडे झाला तर मी समजू शकतो. हे काय आहे? आणि तक्रारी कुणाच्या, तर जी दोन दुकानं सगळ्यात काटेकोर, त्यांच्याच! बाकीच्यांच्या तर लक्षातही येत नसेल."

काका म्हणाले, "मी चिठ्ठी बघूनच लावतो."

"चिठ्ठी संगणकाची आहे. ती कशी चुकेल? काय गं?"

मी म्हटलं, "मी तपासलंय. बरोबर येतंय."

खरं तेच बोलले. तरी ते वाक्य तोंडातून गेल्यावर परत घ्यावंसं वाटलं.

ठरलं असं, की आणखी एक तक्रार आली तर काका पॅकिंगला. काकांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला विचारलं, "डबा खाल्लास का?"

इथे मला त्यांनीच लावलं. 'माझी पुतणी आहे, तिचं काम चोख असतं' असं साहेबांना सांगून. आज त्यांनी एकदाही विचारलं नाही की तुझी ती स्क्रिप्ट तर चुकत नसेल ना. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी चिडून उत्तर दिलं असतं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

घरी आले (मी काका-काकूंकडेच राहते), तर काका खिडकीत बसून सुईत दोरा ओवत होते. ओवला. काढला. पुन्हा ओवला. एकदा डावा डोळा मिटून, एकदा उजवा.

काकू स्वयंपाकघरातून — "आल्यापासून हेच चाललंय! एरवी शर्टाचं बटण तुटलं तर 'अगं ए, अगं ए' करून घर डोक्यावर घेतात. आज माझ्या डबीतल्या सगळ्या सुया ओवून ठेवल्यात."

"तुला काय त्रास होतोय त्याचा?"

"मला कसला त्रास? फाटलेलं काही नाहीये घरात, एवढाच त्रास."

मी हसले. काका हसले नाहीत. मग त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. छापखान्याच्या पत्त्यासकट. सगळं बरोबर. मी म्हटलं, "काका, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू या का?"

"डॉक्टरकडे गेलो म्हणजे साहेबांचं खरं झालं."

विषय संपला.

ताटं पुसताना काकू हळू आवाजात म्हणाल्या, "पॅकिंगला बसवलं ना, तर ते घरीच बसतील. बोलणार नाहीत काही. पण बसतील. त्या टेबलाशिवाय दुसरं काय केलंय गं त्यांनी?"

मी पुसलेलं ताट पुन्हा पुसलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

काकांच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसले. सांगितलं की प्रिंटरमध्ये कागद अडकतोय.

ते काच यंत्राखाली धरतात. फिरवतात. थांबतात. आणखी अगदी केसभर फिरवतात. मग काचेवर शाईचे तीन ठिपके, कोनाची खूण म्हणून. हात हलत नाही. डोळा पाणावत नाही. चिठ्ठीकडे काच लावण्याआधी एकदा बघतात, लावल्यावर एकदा. मग फाडतात.

"काय गं, परीक्षा घेतेस?"

"प्रिंटर बघतेय."

"प्रिंटर त्या बाजूला आहे, बाईसाहेब."

परत आलेल्या सगळ्या जोड्यांचे आकडे एका कागदावर मांडले. पंचेचाळीसचे सदतीस. साठचे अठ्ठेचाळीस. तिसाचे चोवीस. विसाचे सोळा. सगळे कमी झालेत! डोळे दगा द्यायला लागले तर माणूस कधी इकडे चुकेल, कधी तिकडे. नेहमी एकाच बाजूला चुकणं हे माणसाचं लक्षण नाही.

फक्त नव्वदचे एकशे ऐंशी या मांडणीत बसत नव्हते. ते दुपटीने वाढलेत. काकांना विचारलं, नव्वदच्या जागी एकशे ऐंशी कसं काय लागेल?

"चिठ्ठीवर एकशे ऐंशी असेल तर. नाहीतर शून्य असेल तर. शून्य काय नि एकशे ऐंशी काय, आडवी रेघ ती आडवीच."

शून्य! मग तेही कमीच झालं.

म्हणजे घोडं पेंड खातंय ते चिठ्ठीत. पण घोडं दिसेना. मी पुन्हा ४५ टाकलं. पुन्हा ४५ आलं. दहा वेळा टाकलं असतं तरी दहा वेळा तेच आलं असतं.

रविवार, १४ सप्टेंबर

सुट्टी. काकूंनी विचारलं, "वाट्या किती घेऊ?" मी म्हटलं, "सदतीस."

सोमवार, १५ सप्टेंबर

सापडलं! (उद्गारचिन्ह विचार करून दिलंय.)

सुताराची जोडी नव्याने करायची होती. यात आणखी घोळ नको म्हणून पुलापलीकडच्या बाईंना फोन केला. म्हटलं, आकडे पुन्हा एकदा तोंडी सांगा.

"उजवा डोळा. कोन — शून्य, चार, पाच."

"शून्य कशाला?"

"अगं, कोन नेहमी तीन आकड्यांत लिहायचा. नुसता पाच लिहिला आणि पुढे एखादा डाग पडला तर त्याचे पन्नास होतात. शून्य शून्य पाच लिहिलं की डाग पडो नाहीतर चहा सांडो. सासऱ्यांची शिस्त आहे ही. त्यांनी मला दुकानात उभं करताना पहिलं हेच शिकवलं."

"सगळीच दुकानं असं लिहितात?"

"छे! आम्ही आणि ते स्टेशनसमोरचे. बाकीच्यांना एक शून्य जास्तीचं लिहायचाही कंटाळा."

आम्ही आणि ते स्टेशनसमोरचे. काटेकोर दोघं. तक्रारी करणारे दोघं!

फोन ठेवला. बाईंनी सांगितलं तसं टाइप केलं. शून्यासकट. प्रिंटर कुरकुरला. चिठ्ठी आली.

३७.

उभी राहिले. पुन्हा बसले. ०६० टाकलं. ४८. ०९० टाकलं. नुसतं ०.

कारण लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल. आकडे एका रेषेत यावेत म्हणून मी छापायच्या सूचनेत %d लिहिलं होतं — 'ही पूर्ण संख्या आहे, तशी छाप.' आणि ज्या संख्येच्या सुरुवातीला शून्य असतं, ती आठाच्या हिशेबातली आहे असं या स्क्रिप्टची भाषा धरून चालते. फार जुनी रीत आहे तिची. आपण दहा-दहाचे गठ्ठे बांधतो, ती तिथे आठ-आठचे बांधते. चार गठ्ठे आणि वर पाच — सदतीस. सहा गठ्ठे — अठ्ठेचाळीस. आणि नव्वद? आठाच्या हिशेबात नऊ हा आकडाच नाही. ती नऊपाशी अडते, हातातलं शून्य देऊन टाकते आणि 'आकडा चुकीचा आहे' अशी तक्रार करते.

ती तक्रार मला दिसायला हवी होती. पण चिठ्ठीवर भलतासलता मजकूर येऊ नये म्हणून सगळ्या तक्रारी गुपचूप फेकून द्यायची सोय मीच पहिल्या दिवशी करून ठेवली होती. तिचं तोंड बांधून मग मी म्हणत होते, कुठे काय बोलतेय ती!

बुधवारी उघडून बघितलेली ऑर्डर पुन्हा उघडली. तिथे ०४५ आहे. तेव्हाही ०४५च होतं. मी ०४५ बघितलं आणि ४५ वाचलं. आणि सगळा कारखाना काकांच्या डोळ्यांबद्दल बोलत होता.

दुरुस्ती एका अक्षराची. d काढून s. 'संख्या म्हणून छाप'च्या जागी 'आहे तसं छाप'. कोनाची बेरीज-वजाबाकी कुणाला करायची नव्हतीच. नुसता छापायचा होता.

०४५ टाकलं. ०४५ आलं. इतकी सुंदर चिठ्ठी मी आजवर बघितली नाही.

सोमवारच, जेवणानंतर

काकांना कारखान्यातच सांगितलं. सदतीसची चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "वाचा."

"सदतीस."

"दुकानाने पंचेचाळीस मागवलं होतं. ही चिठ्ठी आत्ता माझ्या प्रोग्रॅमने छापली. तुम्ही जे लावत होतात ते हे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चिठ्ठी पुन्हा वाचली.

"म्हणजे मी चिठ्ठीप्रमाणेच लावत होतो."

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या. प्रत्येक आकडा ताडून बघितला. एकही तुमचा नाही."

मला वाटलं, रागावतील. निदान एक वाक्य तरी बोलतील. ते उठले, नळावर गेले, तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. परत येऊन म्हणाले, "बरं झालं बाई. मी तर काल सुयांचं स्वप्न बघितलं."

आणि चिठ्ठी सवयीने फाडून टाकली! मला साहेबांना दाखवायला दुसरी छापावी लागली.

घरी काकूंना कळल्यावर त्या सरळ माझ्यावर आल्या. "म्हणजे तुझ्यामुळे हा माणूस आठवडाभर जेवला नाही नीट?" मी म्हटलं, हो. "आणि तूही नाहीस." मी ताटं घेतली. "वाढते दोघांनाही. गप बसा."

जिवात जीव आलाय. चूक माझीच निघाली आणि इतकं हलकं वाटतंय, हे कुणाला सांगून पटणार नाही. म्हणून इथे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

साहेबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे चूक संगणकाची."

"नाही. माझी. मी सांगितलं तेच त्याने केलं."

"पण आठात मोजायचं त्याला सुचलं कुठून? आठ बोटांचा होता की काय तो बनवणारा?"

मी कारण सांगायला लागले. साहेबांनी हात वर केला. "माझं म्हणणं एवढंच, की आता नीट आहे ना?"

"आहे. प्रत्येक दुकानाची खरी ऑर्डर घालून बघितली. त्यांनी पाठवलेली जशीच्या तशी, मी टाइप केलेली नाही. आणि कुठे काही अडलं तर आता माझ्या पडद्यावर लाल अक्षरांत येईल."

नोकरी जाणार असं वाटलं. मनात वाक्य तयार ठेवलं होतं. ते वापरावं लागलं नाही. साहेब म्हणाले, "चुकीच्या गेलेल्या सगळ्या जोड्या परत मागव. काकांना म्हणावं, बसा तुमच्या टेबलावर. आणि दुकानांना फोन तू करायचास, मी नाही."

हे न्याय्य आहे. मला फोनवर बोलायला आवडत नाही, हे साहेबांना पक्कं ठाऊक आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर

दिवसभर फोन. स्टेशनसमोरचे ओरडले. ओरडून घेतलं. पुलापलीकडच्या बाई ओरडल्या नाहीत, उलट त्यांनाच वाईट वाटलं — "आमच्या शून्याने केलं की काय हे सगळं?" म्हटलं, नाही हो, तुमचं शून्य बरोबर होतं. लिहीत राहा.

सुतार नवा चष्मा न्यायला येऊन गेला म्हणे. घरी जाऊन त्याने दार पुन्हा काढलं. विचारत होता, आता मी दाराची माफी मागू की दाराने माझी मागावी?

काका नव्याने सगळ्या जोड्या लावतायत. मान वर करत नाहीत. गुणगुणतात. बेसूर. परवापर्यंत त्या टेबलावर इतकं शांत होतं की मला सूर आठवतही नव्हता.

घरात माझं नाव बदललंय. "ए सदतीस, पंखा लाव." "सदतीस उठली का?" काकूंनीही सुरू केलंय. मी हाक न ओळखल्यासारखं करते. मग उठून पंखा लावते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सगळं सुरळीत चाललं होतं. साहेब टेबलापाशी आले, नव्याने लावलेली एक जोडी हातात घेऊन बघितली, म्हणाले, "फार छान काका. तरी माझं म्हणणं एवढंच, की या निमित्ताने एकदा डोळे दाखवून घ्या. वय आहे."

तोंडातून शब्द गेला आणि साहेबांनाच कळलं. पण गेला तो गेला.

काका घरी आले. चपला काढतानाच सुरू झाले. "वय आहे! चूक कुणाची, वय कुणाचं! दाखवतो. उद्याच जातो. डॉक्टरांकडून लिहूनच आणतो — 'डोळे ठणठणीत'. सही-शिक्क्यासकट. आणि फ्रेम करून टेबलावर टांगतो. येता-जाता वाचा म्हणावं!"

काकू — "फ्रेम तरी सरळ टांगा."

मी — "कोन मी सांगते."

"तू गप गं, सदतीस!"

फार दिवसांनी तिघंही एकदम हसलो. मी सोबत येते म्हटलं. त्यांना साक्षीदार हवाच होता.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

डॉक्टरबाई म्हणाल्या, नजर उत्तम आहे. मग म्हणाल्या, पण डाव्या डोळ्यात दाब वाढलाय. काचबिंदू. अगदी सुरुवात. दुखत नाही, दिसायला कमी येत नाही, म्हणून लोक येतच नाहीत. येतात तेव्हा गेलेलं परत आणता येत नाही. तुमचं काही गेलेलं नाही. रोज थेंब घाला, जाणारही नाही.

लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "काही त्रास नव्हता, मग वेळेवर आलात कसे?"

काकांनी माझ्याकडे बघितलं.

"हिच्याकडून एक चूक झाली म्हणून."